तंजावरची लेक आणि बडोद्याची गादी

(मंडळाच्या गणेशोत्सवात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



व्याख्यानाला विषय कोणता घेणार, असे चिटणीसांनी विचारले तेव्हा मी म्हणालो, बडोद्याचे सयाजीराव महाराज. ते जरा गोंधळले. म्हणाले, "साहेब, इथे सरफोजी महाराजांवर बोला, लोकांना जवळचे वाटेल." मी त्यांना म्हटले, सयाजीराव महाराजही तंजावरला तितकेच जवळचे आहेत, फक्त आपण ते विसरलो आहोत. माझ्या बँकेतल्या नोकरीची काही वर्षे बडोद्यात गेली. रावपुऱ्यातल्या टॉवरखालून मी रोज जात होतो. त्याचे नाव चिमणाबाई टॉवर. ही चिमणाबाई कोण, हे मला तिथे कळले नाही, ते इथे बदली होऊन आल्यावर पुस्तके चाळताना कळले. ती तंजावरची.

आधी आपल्या गावापासून सुरुवात करू. व्यंकोजीराजांपासून चालत आलेले तंजावरचे भोसल्यांचे राज्य १८५५ साली दुसऱ्या शिवाजीराजांबरोबर संपले, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. राजांना मुलगा नव्हता. मुलीला गादी मिळावी असा विचार इंग्रज रेसिडेंटानेसुद्धा मांडला होता, पण कंपनी सरकारने तो मानला नाही. १८५६ मध्ये राजवाडा, जडजवाहीर, जमिनी, सगळे ताब्यात घेतले. थोरल्या राणीसाहेब कामाक्षीबाई गप्प बसल्या नाहीत. त्यांनी मद्रासच्या सुप्रीम कोर्टात दावा लावला आणि तिथे जिंकल्याही. पण १८५९ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने निकाल फिरवला. ही राज्यसत्तेने केलेली कृती आहे, तिच्यावर कोणत्याही न्यायालयाचा अधिकार चालत नाही, असे त्याचे सार. आमचे एक वकील मित्र सांगतात की कायद्याच्या कॉलेजात हा खटला आजही शिकवतात. पुढे १८६२ मध्ये सरकारने खासगी मालमत्ता राण्यांना परत दिली, राज्य मात्र गेले ते गेलेच.

आता वीस वर्षे पुढे जाऊ आणि बडोद्याला जाऊ. तिथले खंडेराव महाराज १८७० मध्ये वारले. राणी जमनाबाई गरोदर होत्या, त्यांना मुलगी झाली, म्हणून खंडेरावांचे भाऊ मल्हारराव गादीवर बसले. त्यांचा कारभार इतका बेबंद होता की रेसिडेंट कर्नल फेअर यांच्याशी उभे वैर झाले, आणि रेसिडेंटाच्या सरबतात विष घातल्याचा आरोप महाराजांवर आला. चौकशीला तीन इंग्रज आणि तीन हिंदी सभासदांचे कमिशन बसले, त्यात ग्वाल्हेर आणि जयपूरचे महाराज आणि सर दिनकरराव होते. इंग्रज एका बाजूला, हिंदी दुसऱ्या बाजूला, असे मत समसमान फुटले. तेव्हा सरकारने विषाचा मुद्दा बाजूला ठेवला आणि गैरकारभाराच्या कारणावरून एप्रिल १८७५ मध्ये मल्हाररावांना पदच्युत केले. त्यांना पाठवले कुठे? मद्रासला. तिथेच १८८२ मध्ये त्यांचा अंत झाला. म्हणजे गायकवाडांचा एक राजा आपल्या या मुलखात कैदेत संपला.

इथे जरा थांबू या. १८५५ मध्ये वारस नाही म्हणून तंजावर खालसा झाले. १८७५ मध्ये राजाला पदच्युत करूनही बडोदे खालसा झाले नाही. उलट जमनाबाईंना दत्तक घेण्याची परवानगी मिळाली. मधल्या काळात काय बदलले? १८५७ झाले. संस्थाने गिळल्याचा भुर्दंड काय पडतो हे इंग्रजांना कळले. राणीचा जाहीरनामा आला, लॉर्ड कॅनिंगने १८६२ मध्ये संस्थानिकांना दत्तकाच्या सनदा दिल्या. झाशी, सातारा, नागपूर, तंजावर यांनी जे गमावले, त्याच्यामुळे बडोदे, कोल्हापूर, म्हैसूर वाचले, असे माझे मत आहे. इतिहासाचे प्राध्यापक कदाचित ते इतक्या सरळ मांडणार नाहीत.

दत्तकासाठी गायकवाडांच्या भाऊबंदांतली तीन मुले बडोद्याला आणली गेली. नाशिक जिल्ह्यात मालेगावजवळ कवळाणे नावाचे खेडे आहे, तिथल्या काशीराव गायकवाडांचा गोपाळ हा त्यातला एक. वय बारा, अक्षरओळख नावापुरती. इथे कशाला आलास असे विचारल्यावर बाकीची मुले चाचरली आणि हा मात्र राज्य करायला आलो असे बेधडक म्हणाला, ही गोष्ट बडोद्यात प्रत्येक मराठी घरात सांगतात. २७ मे १८७५ रोजी दत्तविधान झाले. गोपाळाचे सयाजीराव झाले.

आणि हे राज्य आता चालवणार कोण? दिवाण म्हणून आले सर टी. माधवराव. मंडळी, हे नाव आपल्याला परके नाही. माधवरावांचा जन्म १८२८ सालचा, कुंभकोणमचा. इथून चाळीस किलोमीटरही नाही! घराणे तंजावरी मराठी देशस्थ. आपल्यापैकी घाटावरून आलेली काही मंडळी इथल्या लोकांचे मराठी ऐकून गालातल्या गालात हसतात, ते मी पाहिले आहे. त्या मराठीच्या घरातून आलेल्या माणसाने आधी त्रावणकोर, मग इंदूर आणि शेवटी बडोदे अशा तीन मोठ्या संस्थानांची दिवाणगिरी केली. तिरुअनंतपुरमला सचिवालयासमोर त्यांचा पुतळा आहे आणि त्या चौकाला लोक आजही नुसते 'स्टॅच्यू' म्हणतात. बँकेतल्या सहकाऱ्यांना म्हणून सांगतो, या गृहस्थांची सुरुवात मद्रासच्या अकाउंटंट जनरलच्या कचेरीत झाली होती.

माधवरावांनी बडोद्याची रिकामी तिजोरी भरली, वसुलीची शिस्त लावली, न्यायालये आणि शाळा काढल्या. ते सगळे मी सांगत बसत नाही. मला मोठे वाटते ते त्यांचे शिकवणे. त्रावणकोरातही ते राजपुत्रांचे शिक्षक होते. बडोद्यात इलियट नावाचे इंग्रज अधिकारी महाराजांचे शिक्षक होते आणि मराठी, गुजराती, उर्दू, इंग्रजी अशा चार भाषांचा रोजचा अभ्यास होता. कवळाण्याच्या पोराने तो जिद्दीने केला. पण कारभाराची सूत्रे हाती येण्याआधी, १८८१ मध्ये, माधवरावांनी स्वतः महाराजांना व्याख्यानांची एक मालिका दिली. 'मायनर हिंट्स' या नावाने ती छापलेली आहे. राज्य ही राजाची खासगी मिळकत नाही, रयतेचे सुख हे राज्याचे काम, कायद्याने बांधून घेण्यात राजाला कमीपणा नाही, अशा गोष्टी अठरा वर्षांच्या मुलाला समजतील इतक्या सोप्या करून त्यांत सांगितल्या आहेत. २८ डिसेंबर १८८१ रोजी सयाजीरावांना पूर्ण अधिकार मिळाले. पुढच्याच वर्षी माधवराव बडोदे सोडून गेले. शिष्याला स्वतःच्या मताने चालायचे होते, दोघांत खटके उडाले होते. मला त्यात वावगे वाटत नाही. शिष्य तयार झाल्याची ती खूणच होती.

आता तंजावरची लेक. ६ जानेवारी १८८० रोजी सयाजीरावांचे लग्न झाले ते तंजावरच्या मोहिते घराण्यातल्या लक्ष्मीबाईंशी. वधूचे वय पंधरा-सोळा. सासरी नाव ठेवले चिमणाबाई. तंजावराहून बडोद्यापर्यंतचा तो प्रवास त्या काळी कसा झाला असेल, कोण बरोबर गेले असेल, याचा विचार आपल्या भगिनींनी करावा. त्यांनीही लग्न होऊन इतका मुलूख ओलांडला आहे, फक्त उलट्या दिशेने.

बरोबर गेलेल्यांपैकी काहींची नावे माहीत आहेत. गौरा आणि कांतीमती या दोन नर्तकी, आणि त्यांचे नट्टुवनार आणि वादक. लग्नातल्या आंदणाबरोबर कलावंत पाठवले, असे लिहिलेले आढळते. माणसे आंदण म्हणून देणे हे आज कानाला बोचते, आणि ते बोचायलाच हवे. पण त्याचा परिणाम असा झाला की तंजावरचे सदिर नृत्य, ज्याला आपण आज भरतनाट्यम म्हणतो, ते गुजरातेत पोहोचले. तिथे ते दरबाराच्या कलावंत कारखान्यात सांभाळले गेले. कांतीमतींचे चिरंजीव कुबेरनाथ यांनी पुढे बडोदे विद्यापीठात पिढ्यांना नृत्य शिकवले. त्यांचे आडनाव काय असेल? तंजोरकर! बडोद्यात असताना हे आडनाव ऐकून ही माणसे कोकणातली असावीत असे एक शेजारी मला ठामपणे सांगत होते.

चिमणाबाईंना तीन अपत्ये झाली, दोन मुली आणि एक मुलगा. मुली लहानपणीच गेल्या. मुलगा फत्तेसिंहराव ३ ऑगस्ट १८८३ चा. आणि ७ मे १८८५ रोजी चिमणाबाई क्षयाने वारल्या. वय वीस-एकवीस. सयाजीरावांचे दुसरे लग्न त्याच वर्षी देवासच्या घाटगे घराण्यातल्या गजराबाईंशी झाले, आणि त्यांचेही नाव ठेवले चिमणाबाई. त्यामुळे बहुतेकांना एकच चिमणाबाई माहीत असते, पडदा सोडणारी, पुस्तक लिहिणारी, १९२७ मध्ये अखिल भारतीय महिला परिषदेची अध्यक्ष झालेली. ती दुसरी. रावपुऱ्याचा टॉवर आणि बडोद्याचे न्यायमंदिर ही पहिलीची स्मारके. दोन्ही १८९६ सालची, म्हणजे तिला जाऊन अकरा वर्षे झाली होती.

सयाजीरावांच्या कारकिर्दीबद्दल मी थोडक्यात बोलतो, कारण तो भाग शाळेच्या पुस्तकांतूनही आला आहे. १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग, १९०६ मध्ये तो सबंध राज्यात. १९०४ मध्ये बालविवाहाला बंदी, १९३१ मध्ये हिंदू स्त्रीला घटस्फोटाचा हक्क. १९०८ मध्ये बँक ऑफ बडोदा. १९१० पासून गावोगाव ग्रंथालये आणि फिरत्या पेट्या, त्यासाठी अमेरिकेहून बॉर्डन नावाचा ग्रंथपाल आणला होता. आपल्या सरस्वती महालाचा अभिमान असणाऱ्यांना हे विशेष आवडेल. फरक इतकाच की सरफोजी महाराजांनी ग्रंथ वाड्यात जमवले, सयाजीरावांनी ते खेड्यात पाठवले. आणखी एक. राजा मराठी, रयत बहुतांश गुजराती, म्हणून त्यांनी शाळा आणि कचेऱ्यांत गुजराती भाषा चालवली. आपले तंजावरचे शहाजीराजे पाच भाषांत नाटक लिहीत होते, तोच हा वसा.

बाबासाहेब आंबेडकरांना १९१३ मध्ये कोलंबियाला पाठवणारी शिष्यवृत्ती बडोद्याची होती. मात्र पुरी गोष्ट सांगायला हवी. १९१७ मध्ये बाबासाहेब कराराप्रमाणे बडोद्यात नोकरीला आले तेव्हा त्यांना राहायला जागा मिळाली नाही. पारशी धर्मशाळेतून त्यांना बाहेर काढले गेले आणि ते मुंबईला परतले. राजाचा हुकूम कचेरीत चालतो, घराच्या उंबऱ्याशी थांबतो.

१९११ च्या दिल्ली दरबारात सयाजीरावांनी पंचम जॉर्ज बादशहापुढे एकदाच मान लववली आणि पाठ फिरवून गेले, यावरून मोठा गहजब झाला. ती गोष्ट आपण अभिमानाने सांगतो. पण नंतर त्यांना व्हाइसरॉयला दिलगिरीचे पत्र लिहावे लागले, हेही त्याच गोष्टीत आहे. मल्हाररावांचे काय झाले ते ते विसरले नसावेत. त्यांची स्वतःची गादी इंग्रजांच्या एका निर्णयातून आली होती.

आता वारसाकडे येतो, आजचा खरा मुद्दा तोच आहे. ज्या माणसाने लाखो मुलांना शाळेत बसवले, त्याच्या घरात काय झाले? फत्तेसिंहराव ऑक्सफर्डला शिकायला गेले. फलटणच्या निंबाळकरांच्या पद्मावतीबाईंशी त्यांचे लग्न झाले. २९ जून १९०८ रोजी त्यांना मुलगा झाला, प्रतापसिंह. आणि १४ सप्टेंबर १९०८ ला फत्तेसिंहराव गेले, वय पंचवीस. अडीच महिन्यांचे बाळ बडोद्याचे युवराज झाले. दुसऱ्या राणीसाहेबांचे शिवाजीराव ऑक्सफर्डकडून क्रिकेट खेळले, १९१९ मध्ये गेले. जयसिंहराव हार्वर्डचे पदवीधर, १९२३ मध्ये गेले. चरित्रकारांनी मद्याचा उल्लेख टाळलेला नाही. धैर्यशीलराव तेवढे बापामागे उरले, तेही वर्षभराने वारले. कन्या इंदिराराजे यांनी ग्वाल्हेरशी ठरलेले लग्न स्वतः पत्र लिहून मोडले आणि १९१३ मध्ये कुचबिहारच्या राजपुत्राशी लग्न केले. या सगळ्या भावंडांत कणखर निघाल्या त्या याच.

मला पुष्कळदा वाटते, माधवरावांनी सयाजीरावांना जे दिले ते सयाजीरावांना आपल्या मुलांना देता आले नाही. त्यांनी उत्तमोत्तम शाळा दिल्या, इंग्रज शिक्षक दिले, परदेश दिला. स्वतः ते वर्षातून कित्येक महिने प्रकृतीसाठी युरोपात असत. आपणही इथे नोकरीधंद्यापायी मुलांना चांगल्या शाळेत घालतो आणि निश्चिंत होतो, म्हणून ही गोष्ट मला टोचते. ती तुम्हालाही टोचावी असा माझा आग्रह नाही.

६ फेब्रुवारी १९३९ रोजी सयाजीराव मुंबईत वारले. राज्य त्रेसष्ट वर्षांहून अधिक. शेवटचे दिवाण होते सर व्ही. टी. कृष्णम्माचारी, म्हणजे कारकिर्दीच्या आरंभी कुंभकोणमचे माधवराव आणि अखेरीस तामिळ कृष्णम्माचारी! गादीवर आला नातू प्रतापसिंहराव, तीस वर्षे युवराज राहिलेला, तंजावरच्या लक्ष्मीबाईंचा नातू.

प्रतापसिंहरावांचे एक काम मोठे आहे. आजोबांच्या मनातले विद्यापीठ त्यांनी ३० एप्रिल १९४९ रोजी उभे केले आणि दुसऱ्या दिवशी, १ मे ला, बडोदे राज्य मुंबई प्रांतात विलीन झाले. एक दिवस! राज्याच्या शेवटच्या दिवशी विद्यापीठ करून जाणे, याला मी तरी मानतो. हंसाबेन मेहता तिथल्या पहिल्या कुलगुरू.

पण दुसरी बाजूही आहे. १९४३ मध्ये त्यांनी पिठापुरमच्या सीतादेवींशी दुसरे लग्न केले. महाराणी शांतादेवी आणि मुलेबाळे असताना. राज्यात दुसरे लग्न करण्याविरुद्ध कायदा होता. तो रयतेसाठी आहे, राजाला लागू नाही, असे उत्तर महाराजांच्या वतीने देण्यात आले. माधवरावांच्या व्याख्यानांची ही अशी वासलात लागली. पुढे खजिन्यातल्या पैशांचे आणि जवाहिराचे प्रश्न उठले, संस्थानिकांची संघटना करून सरकारशी वाद झाला आणि १९५१ मध्ये भारत सरकारने त्यांची मान्यता काढून घेतली. १८७५ मध्ये मल्हारराव, १९५१ मध्ये प्रतापसिंहराव, दोन्ही वेळा गादीचा निर्णय बाहेरच्या सरकारने केला, एकदा परक्या आणि एकदा आपल्या. प्रतापसिंहराव १९६८ मध्ये लंडनला वारले.

१९५१ मध्ये मान्यता मिळाली ती त्यांचे थोरले चिरंजीव फत्तेसिंहराव यांना, वय एकवीस. पणजीच्या मुलाचे नाव पुन्हा गादीवर आले. हे खासदार झाले, क्रिकेट मंडळाचे अध्यक्ष झाले, आणि पणजोबांचे चरित्र लिहिले. १९७१ च्या घटनादुरुस्तीने तनखे आणि किताब गेले. १९८८ मध्ये फत्तेसिंहराव वारल्यावर बंधू रणजितसिंह आणि २०१२ मध्ये त्यांचे चिरंजीव समरजितसिंह घराण्याचे प्रमुख झाले. मालमत्तेवरून काका-पुतण्यांचा जो वाद वर्षानुवर्षे चालला तो २०१३ मध्ये समेटाने मिटला. राजवाड्याच्या दाव्यांची सवय असलेल्या तंजावरकरांना यात नवल वाटणार नाही.

म्हणजे १९३९ पासून बडोद्याच्या गादीवर जो जो बसला, त्या प्रत्येकात तंजावरच्या मोहित्यांच्या त्या मुलीचे रक्त आहे. तिला स्वतःला पाचच वर्षांचा संसार मिळाला. तिचा मुलगा राजा झाला नाही. इथे तंजावरात तिची खूण नाही. पुढच्या वर्षीच्या स्मरणिकेत रावपुऱ्याच्या टॉवरचा फोटो छापावा आणि खाली तिचे माहेरचे नाव द्यावे, अशी माझी कार्यकारिणीला विनंती आहे. फोटो मी मागवून देईन.

मागे आरतीची तयारी झालेली दिसते, तबक घेऊन मुले खोळंबली आहेत. 

गणपती बाप्पा मोरया!